बोर्डात फेरफार केलाय? सप्लाय देण्याआधी पॉवर आणि ग्राउंड असे तपासा

तयार इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड विकत घेऊन जसाच्या तसा वापरणार असाल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. पण बोर्डावरचे पोर्ट काढले, एखादा ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेघ) कापला, जंपर (जोडणारी सुटी वायर) मारला, बॅटरी आणि चार्जिंगचं मॉड्यूल जोडलं किंवा बोर्डाची कडाच करवतीने उडवून तो छोट्या डब्यात बसवला, की शेवटी एक प्रश्न उभा राहतो: आता सप्लाय द्यायचा का? आमच्या नागपुरात यावर ठरलेला सल्ला मिळतो, "भाऊ, लावून तर पाह्य, काय होते ते दिसूनच जाते." दिसतं खरं. पण तोपर्यंत प्रोसेसर गेलेला असतो, आणि तो का गेला हे मात्र दिसत नाही.

इथे जे लिहितोय ते इंजिनिअरिंगच्या पोरांच्या प्रोजेक्टमध्ये आणि घरच्या टेबलावर वापरून झालेलं आहे. उदाहरण म्हणून रास्पबेरी पाय ३ हा एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर घेतो, पुढे त्याला नुसतं 'पाय' म्हणतो. त्याचे यूएसबी आणि लॅनचे पोर्ट काढून, लिथियम सेल, चार्जर, स्टेप-अप (सेलचा कमी व्होल्टेज ५ व्होल्टपर्यंत चढवणारं मॉड्यूल) आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर जोडून हातात धरायचा गेम बनवणारे पुष्कळ आहेत. तुमचा बोर्ड वेगळा असला तरी क्रम हाच.

एक हद्द आधीच सांगतो. हे सगळं कमी व्होल्टच्या डीसी बोर्डांसाठी आहे. २३० व्होल्ट थेट येतात अशा एसएमपीएसच्या (घरची वीज डीसीत बदलणाऱ्या सप्लायच्या) पहिल्या भागात मोठ्या कॅपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथेच राहतात. त्या भागाला नवख्याने हात लावू नये.

काय काय लागेल

- डिजिटल मल्टिमीटर. त्यात बीप, डायोड आणि २०० ओमची रेंज हवी. साधा पिवळा मीटर चालतो, पण त्याचे प्रोब टोकदार असू द्या.
- बोर्डाचा सर्किट डायग्राम. पायचा थोडक्यातला डायग्राम कंपनीनेच खुला ठेवला आहे. तुमच्या बोर्डाचा मिळत नसेल तर निदान रेग्युलेटर आयसींच्या (व्होल्टेज ठरावीक पातळीवर धरणाऱ्या चिपच्या) डेटाशीट काढून ठेवा.
- फेरफार करण्याआधीचे दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो.
- वही आणि पेन. मोबाइलवर टिपलेले आकडे नेमके हवे त्या वेळी सापडत नाहीत.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, भिंग, डिसोल्डर विक, फ्लक्स.
- करंट लिमिट लावता येईल असा डीसी सप्लाय. विकत घेणं झेपत नसेल तर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तो असतोच. ओळख काढा.
- १० ओम ५ वॉटचा एक सिमेंट रेझिस्टर.

सीताबर्डीला व्हरायटी चौकापासून चालत मोदी नंबरच्या गल्ल्यांत शिरलात की यातलं बहुतेक सामान मिळून जातं. पॉलिश पेपर मात्र कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून घ्या.

१. फेरफार करायच्या आधीच मोजून ठेवा

नवखे लोक हीच पायरी गाळतात. "अमुक लाइनवर (म्हणजे ठरावीक व्होल्टेज नेणाऱ्या वाटेवर) किती ओम यायला हवेत?" असं कुणी विचारलं, तर खरं उत्तर एकच: चांगल्या अवस्थेत त्याच बोर्डावर, त्याच मीटरने जितके आले होते तितके. वरवरचा अंदाज देता येतो. ५ व्होल्टच्या लाइनवर सहसा काही शे ओमपासून काही किलोओमपर्यंत दिसतात, ३.३ व्होल्टवर थोडे कमी, आणि प्रोसेसरच्या गाभ्याला जाणाऱ्या एक-सव्वा व्होल्टच्या लाइनवर कधी दोन आकडी, तर कधी एक आकडी ओम. पण हा झाला अंदाज. त्याच्या भरवशावर निर्णय घ्यायचा नाही.

म्हणून करवत किंवा सोल्डरिंग हातात घेण्याआधी वहीच्या पानावर चार रकाने आखा: जागा, लाल प्रोब लाइनवर असताना, काळा प्रोब लाइनवर असताना, आणि डायोड मोडवर. जागा लिहिताना नुसतं "३.३ व्होल्ट" लिहू नका. "पिन १" किंवा "अमुक कॉइलची डावी बाजू" असं लिहा. वर मीटरचं नाव आणि रेंजही टाका. ओम मोजताना प्रत्येक मीटर आपल्याकडून वेगवेगळा व्होल्टेज सोडतो. काही मीटरांच्या व्होल्टेजने आयसीच्या आतले जंक्शन उघडतात, काहींच्या उघडत नाहीत. त्यामुळे एकाच बोर्डावर दोन मीटर वेगळे आकडे देतात आणि दोन्ही बरोबर असतात. मित्राच्या मीटरचे आकडे तुमच्या वहीत उतरवून घेऊ नका.

बोर्ड आधीच कापून बसला असाल, तर तसाच दुसरा बोर्ड शोधा. एखाद्याकडे धूळ खात पडलेला असतो. एका दुपारीपुरता मागून आणा, मोजा, परत द्या.

२. बोर्डात जीव उरलेला नाही ना, ते बघा

सप्लाय काढा, बॅटरी सोडवा, मेमरी कार्ड काढा, एचडीएमआयची केबल काढा. केबलचं लोक विसरतात. ती टीव्हीला लागलेली असेल तर तुमचा ग्राउंड टीव्हीच्या ग्राउंडला आणि तिथून कदाचित घरच्या अर्थिंगलाही जोडलेला असतो. मग तुम्ही बोर्ड मोजत नसता, अख्खं घर मोजत असता.

मग मीटर डीसी व्होल्टवर ठेवून प्रत्येक लाइन बघा. सगळीकडे शून्याच्या जवळ यायला हवं. कुठे काही उरलं असेल तर १०० ओमचा रेझिस्टर लाइन आणि ग्राउंडमध्ये काही सेकंद धरा. जिवंत लाइनवर ओम मोजले तर आकडा निरर्थक येतो आणि स्वस्त मीटर जाऊही शकतो. आणि लाल प्रोब १० अ‍ॅम्पिअरच्या भोकात तर राहिला नाही ना? तिथे प्रोब ठेवून व्होल्ट मोजायला गेलात तर मीटरच शॉर्ट बनतो. लिथियम सेलवर हे झालं तर प्रोबचं टोक वितळतं.

३. आधी मीटरची परीक्षा

दोन्ही प्रोब एकमेकांना घट्ट दाबा. २०० ओमच्या रेंजवर शून्य येणार नाही. ०.२ ते ०.५ ओम येईल. तो प्रोबच्या वायरींचा. हा आकडा पानाच्या वर लिहा आणि पुढच्या लहान आकड्यांतून वजा करत चला. दर वेळी वेगळा आकडा येत असेल तर प्रोब खराब आहेत किंवा मीटरची बॅटरी उतरली आहे.

बीपबद्दल दोन शब्द, कारण सगळा घोळ तिथेच होतो. बीप शून्य ओमलाच वाजते असं नाही. बऱ्याच मीटरांची बीप ३० ते ५० ओमच्या खाली कुठेही वाजायला लागते. आता प्रोसेसरच्या गाभ्याची लाइन चांगल्या बोर्डावरही ८ ओम दाखवत असेल, तर बीप वाजणारच. "भाऊ, बीप वाजून राहिली ना, म्हणजे बोर्ड गेला," असं काउंटरवरून सांगून चांगले बोर्ड भंगारात काढलेले आहेत. बीप ऐकू आली तर आकडा वाचा. ०.३ आणि ८ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

४. ग्राउंड सगळीकडे एकच आहे का

पायच्या ४० पिनांपैकी ६, ९, १४, २०, २५, ३०, ३४ आणि ३९ या ग्राउंड आहेत. काळा प्रोब पिन ६ वर धरा आणि लाल प्रोब एकेका ग्राउंडवर फिरवा: उरलेल्या पिना, इनपुटच्या मोठ्या कॅपॅसिटरची ऋण बाजू, स्क्रूच्या भोकांभोवतालची कडी, काढलेल्या पोर्टांच्या ग्राउंडच्या जागा. प्रोबचा आकडा वजा केल्यावर सगळीकडे जवळपास शून्य यायला हवं. पोर्टच्या पत्र्याचं कवच बहुतेक बोर्डांवर ग्राउंडलाच असतं, पण ते गृहीत धरू नका. मोजा आणि लिहा.

बोर्ड कापला असेल तर इथे जास्त वेळ द्या. असे बोर्ड अनेक थरांचे असतात आणि ग्राउंडचा तांब्याचा थर आत पसरलेला असतो. कापताना त्याचा एखादा तुकडा मुख्य थरापासून तुटून बेटासारखा वेगळा पडू शकतो. वरून काहीच दिसत नाही. मग एखादा रेग्युलेटर ग्राउंडशिवाय लटकत राहतो आणि आउटपुटला भलताच व्होल्टेज देतो.

आता जोडलेल्या मॉड्यूलांकडे वळू. इथे दोन सापळे आहेत, आणि दोन्हींत नवखा माणूस "दुरुस्ती" करायला जाऊन बिघडवतो.

पहिला सापळा टीपी ४०५६ या चार्जर मॉड्यूलचा. संरक्षण असलेल्या प्रकारात बॅटरीचं ऋण आणि आउटपुटचं ऋण ही दोन वेगळी टोकं असतात. मधे मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, असतो. सेल जास्त उतरला किंवा शॉर्ट झाला की तो वाट बंद करतो. सेल काढलेला असताना या दोन टोकांत शून्य ओम दिसत नाहीत, आणि दिसू नयेत. हे बघून "ग्राउंड तुटलंय" असं समजून तिथे जंपर मारलात, तर संरक्षणच बायपास केलंत. बोर्डाचं ग्राउंड आउटपुटच्या ऋणाला जोडायचं. बॅटरीच्या ऋणाला सेलशिवाय दुसरं काही लावायचं नाही. ऑडिओची किंवा स्विचची एखादी वायर चुकून तिथे गेली तरी परिणाम तोच.

दुसरा पीएएम ८४०३ या अ‍ॅम्प्लिफायरचा. याच्या स्पीकरच्या दोन टोकांपैकी एकावर ऋणाचं चिन्ह छापलेलं असतं, पण ते ग्राउंड नाही. दोन्ही टोकं आतून चालवली जातात. वायर वाचवायला दोन स्पीकरची ऋण टोकं एकत्र करून ग्राउंडला बांधली, तर आउटपुट शॉर्ट झालं. स्पीकर काढून चारही टोकं ग्राउंडशी मोजा. एकावरही जवळपास शून्य यायला नको.

स्टेप-अप मॉड्यूलचं मात्र उलट. तिथे इनपुट आणि आउटपुटचं ऋण आतून एकच असतं, तेव्हा शून्यच यायला हवं.

५. प्रत्येक लाइन ग्राउंडशी

काळा प्रोब ग्राउंडवर, लाल प्रोब लाइनवर. पायवर ५ व्होल्टसाठी पिन २ आणि ४, ३.३ व्होल्टसाठी पिन १ आणि १७. १.८ आणि त्याखालच्या लाइनींसाठी रेग्युलेटरच्या कॉइलचं आउटपुटकडचं टोक धरा.

प्रोब टेकवल्यावर आकडा चढत जाईल. घाबरू नका. लाइनवरचे कॅपॅसिटर मीटरच्या करंटने भरत असतात. आकडा थांबेपर्यंत धरून ठेवा आणि मगच लिहा. मोठे कॅपॅसिटर असतील तर अर्धं मिनिटही लागतं. आकडा चढतोय याचाच अर्थ तिथे पक्का शॉर्ट नाही. टेकवल्याबरोबर ०.४ वर येऊन गप्प बसला, तर मात्र शॉर्टचा संशय घ्या.

मग प्रोब उलटे करा: लाल ग्राउंडवर, काळा लाइनवर. आता आकडा वेगळा, बहुधा कमी येईल, कारण आयसींच्या आतले डायोड या दिशेने वाहतात. दोन्ही दिशांना नेमका सारखाच लहान आकडा आला, आणि फेरफाराआधी तो तसा नव्हता, तर तिथे तांब्याचा, सोल्डरचा किंवा फुटलेल्या कॅपॅसिटरचा रस्ता असल्याचा संशय घ्या. ही खूण मला सगळ्यात उपयोगी वाटते.

याच उलट्या दिशेने मीटर डायोड मोडवर टाकून मोजलं, की मोबाइलवाले ज्याला जीआर व्हॅल्यू म्हणतात ती मिळते. हा आकडा ओमचा नसतो, व्होल्टचा असतो. सिग्नलच्या पिनांवर ०.३ ते ०.७ च्या आसपास काहीतरी येतं, पॉवरच्या लाइनींवर त्याहून कमीही येतं. ओमचा आकडा संशयास्पद वाटला की याने ताडून बघा.

आता तुलना. समजा फेरफाराआधी ५ व्होल्टची लाइन २ किलोओम होती आणि आता ६५० ओम आहे. शॉर्ट आहे का? मधे तुम्ही अ‍ॅम्प्लिफायर आणि स्टेप-अप त्याच लाइनवर जोडले आहेत, आणि समांतर जोडलं की एकूण रेझिस्टन्स घटतोच. २ किलोओमला १ किलोओम समांतर आला तर ६६७ होतात. म्हणून प्रत्येक मॉड्यूल जोडण्याआधी सुटं मोजून वहीत लिहा. आयसींमुळे गणित तंतोतंत जुळणार नाही, पण ६६७ च्या जागी ६५० समजण्यासारखं आहे, ४० नाही.

जी लाइन तुम्ही हातच लावला नाही तिचा आकडा बदलला असेल, तर तिकडे आधी बघा. तिथे समांतर जोडल्याचं कारण देता येत नाही.

किलोओममधले आकडे घेताना बोटं प्रोबच्या धातूला लागू देऊ नका. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. घामेजलेल्या दोन बोटांतून मीटरला आयता समांतर रस्ता मिळतो आणि आकडा खाली ओढला जातो. कपाळावरचा थेंब बोर्डावर पडला तर पुसून भागत नाही, अल्कोहोलने धुवा. कूलरचा झोत टेबलावर घेऊ नका, तुषार उडतात. आणि पत्र्याच्या कूलरला टेकून तर हे काम मुळीच करू नका. अर्थिंग नसलेल्या कूलरच्या बॉडीत करंट उतरल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. पावसाळ्यात वेगळी अडचण: बोर्डावर राहिलेला फ्लक्स ओल धरतो आणि चांगल्या लाइनी गळक्या दाखवतो. मोजण्याआधी घासून धुवा, वाळू द्या.

६. लाइन लाइनशी

ग्राउंडशी सगळं ठीक आणि तरी बोर्ड जळाला, असं होतं तेव्हा बहुतेक वेळा दोन लाइनी एकमेकींना चिकटलेल्या असतात. ५ आणि ३.३, ३.३ आणि १.८, सेलचं धन आणि ५, अशा जोड्या मोजा. पायची पिन १ आणि २ शेजारी शेजारी आहेत, एक ३.३ ची आणि दुसरी ५ ची. हेडर (पिनांची पट्टी) काढून तिथे वायरी लावल्या असतील तर सोल्डरचा एक बारीक धागा पुरतो. भिंगातून बघा, मग मोजा.

स्टेप-अपचं इनपुट धन आणि आउटपुट धन आतून कॉइल आणि डायोडने जोडलेलं असतं, त्यामुळे तिथे एका दिशेने डायोडसारखा आकडा येतो. तो दोष नाही. त्याचा एक परिणाम मात्र लक्षात ठेवा: मॉड्यूल बंद असलं तरी सेलचा व्होल्टेज डायोडमार्गे आउटपुटला पोचतो. म्हणून स्विच सेलच्या बाजूला हवा.

७. शॉर्ट निघाला तर

आधी डोळे, मग अल्कोहोल, मग सप्लाय, या क्रमाने.

कापलेली कडा भिंगाखाली तिरक्या उजेडात धरा. करवतीने आतल्या पॉवर आणि ग्राउंडच्या थरांचं तांबं एकमेकांवर ओढलं जातं. कडेवर चकचकीत रेघ दिसते. ती ४०० च्या, मग ८०० च्या पॉलिश पेपरने पाण्यात भिजवून घासा. घासताना एकाच दिशेने चला आणि मधून मधून मोजा. ओम चढायला लागले की योग्य वाटेवर आहात. कोरडं घासू नका. ती धूळ काचेच्या तंतूंची असते, फुप्फुसात गेलेली परत येत नाही. मास्क घाला.

कडेत दोष नसेल तर कडेजवळचे तपकिरी सिरॅमिक कॅपॅसिटर बघा. बोर्ड कापताना किंवा वाकवताना त्यांना बारीक तडा जातो आणि ते आतून शॉर्ट होतात. बाहेरून कित्येकदा काहीच दिसत नाही. उलटा सप्लाय लागला असेल तर ५ व्होल्टच्या तोंडाशी असलेला संरक्षक डायोड बघा. असा डायोड पुष्कळ बोर्डांवर असतो आणि स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्यांना वाचवतो. तो काढून पुन्हा मोजा.

तरीही सापडत नसेल तर डीसी सप्लायवर व्होल्टेज १ आणि करंट लिमिट १ अ‍ॅम्पिअर लावून शॉर्ट झालेल्या लाइनीत सोडा. लाइनीच्या स्वतःच्या व्होल्टेजच्या वर कधीही जाऊ नका. शॉर्ट ०.१ ओमचा असेल तर १ अ‍ॅम्पिअरला जेमतेम ०.१ वॉट उष्णता निघते. हाताला काही कळणार नाही. ३ अ‍ॅम्पिअरला ०.९ वॉट होते, तेव्हा कळते. बोर्डावर अल्कोहोलचा पातळ थर द्या. जो भाग तापतोय त्याच्यावरचा थर आधी उडतो. अल्कोहोल पेट घेतं, त्यामुळे सोल्डरिंग दूर ठेवा आणि उन्हाळ्याच्या दुपारी बंद खोलीत हे करू नका.

उष्णता कळतच नसेल तर दुसरी युक्ती आहे. करंट वाहत असताना मीटर मिलिव्होल्टवर ठेवा आणि लाइनीच्या वेगवेगळ्या कॅपॅसिटरांच्या दोन टोकांत मोजत फिरा. सगळ्यात कमी मिलिव्होल्ट जिथे, शॉर्ट त्याच्या आसपास. महागडा थर्मल कॅमेरा नसला तरी याने बहुतेक वेळा काम होतं.

८. वायरी: इथे ओम मोजून उपयोग नाही

शॉर्ट नाही, ग्राउंड एक आहे, तरी गेम सुरू झाला की पडद्यावर विजेचं पिवळं चिन्ह चमकतं. ५ व्होल्टची लाइन ४.६३ च्या आसपास किंवा खाली उतरली की पाय ३ ही खूण दाखवतो. बॅटरी बदलून, स्टेप-अप बदलून लोक थकतात. दोष असतो वायरीत.

०.२५ मिलिमीटर जाडीची जंपर वायर दर मीटर लांबीला साधारण ०.३५ ओम असते. १५ सेंटिमीटरचा तुकडा ०.०५ ओम. जायची एक आणि ग्राउंडची एक, मिळून ०.१. २ अ‍ॅम्पिअर वाहिले की ०.२ व्होल्ट वाटेतच गेले. वर स्विच आणि कनेक्टरचा हिस्सा वेगळा. तुमचा मीटर ०.१ ओमच्या खाली बघूच शकत नाही, म्हणून त्याला सगळं शून्यच दिसतं. त्याच जागी ०.५ चौरस मिलिमीटरची मऊ वायर लावलीत तर दोन्ही मिळून ०.०२ व्होल्टच्या आसपास जातात. सेल ते स्टेप-अप हा रस्ता तर आणखी जाड हवा. तिथे व्होल्टेज कमी, म्हणून तेवढ्याच वॉटसाठी करंट जास्त.

तर मोजायचं कसं? बोर्ड चालू ठेवून, लोड असताना, मीटर डीसी मिलिव्होल्टवर. एक प्रोब वायरीच्या या टोकाच्या टाक्यावर, दुसरा त्या टोकाच्या. १ अ‍ॅम्पिअर वाहत असेल तर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिओम. धनाची वायर मोजून थांबू नका, ग्राउंडची वायरही अशीच मोजा. निम्मी गळती तिथे असते आणि तिकडे कुणी बघत नाही. एखाद्या टाक्यावर एकट्यालाच ५० मिलिव्होल्ट पडत असतील तर तो ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला टाका, आहे. फ्लक्स लावून पुन्हा टाका मारा. ही मोजणी नववी पायरी पार पडल्यावर करायची. इथे लिहिली, कारण वायर निवडायची वेळ त्याआधीच येते.

९. पहिला सप्लाय

स्टेप-अप बोर्डाला जोडण्याआधी एकटा चालवून आउटपुट ५.१ व्होल्टवर बसवा. त्याचा स्क्रू बरेच वेढे फिरवूनही सुरुवातीला काही होत नाही आणि मग एकदम व्होल्टेज चढतं, तेव्हा मीटर लावूनच फिरवा. पायला पिनांवरून ५ व्होल्ट देणार असाल तर हेही ध्यानात घ्या: मायक्रो यूएसबीच्या वाटेवरचा फ्यूज या रस्त्यात नाही. चूक झाली तर मधे अडवणारं कुणी नाही. सेलच्या धनाला स्वतःचा फ्यूज लावा.

डीसी सप्लायवर ५.१ व्होल्ट, करंट लिमिट ०.५ अ‍ॅम्पिअर. मेमरी कार्ड, पडदा, स्पीकर काहीही नको. कार्ड नसताना पाय ३ ला अर्धा अ‍ॅम्पिअर पुरून उरतो. सप्लाय दिल्याबरोबर करंट लिमिटला टेकला आणि व्होल्टेज पडलं, तर लगेच बंद करा आणि पाचव्या पायरीवर परत जा. ठीक असेल तर एकेक लाइन मोजा: ५, ३.३, १.८. सगळ्या जागेवर असतील तरच कार्ड घाला आणि लिमिट २.५ अ‍ॅम्पिअरपर्यंत वाढवा.

डीसी सप्लाय नसेल तर १० ओमचा सिमेंट रेझिस्टर ५ व्होल्टच्या धनात सिरीजमध्ये टाका. पक्का शॉर्ट असला तरी करंट अर्ध्या अ‍ॅम्पिअरच्या वर जाणार नाही आणि रेझिस्टर अडीच वॉटवर नुसता तापेल. बोर्ड अशाने नीट सुरू होणार नाही, ती अपेक्षा ठेवू नका. बोर्डाच्या टोकांवर व्होल्ट मोजा. शून्याच्या आसपास असतील तर शॉर्ट आहे. तीन-चार व्होल्ट उभे राहत असतील तर रेझिस्टर काढून पुढे जा. १२ व्होल्टच्या बोर्डांसाठी गाडीचा २१ वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावतात. तो लख्ख पेटला की शॉर्ट. ५ व्होल्टला त्याचा फारसा उपयोग नाही, थंड असताना त्याचा रेझिस्टन्स एक ओमपेक्षाही कमी असतो.

सगळं चाललं की डब्यात बसवा, स्क्रू आवळा आणि सेल जोडण्याआधी चौथी, पाचवी आणि सहावी पायरी झाकण लावलेल्या अवस्थेत पुन्हा एकदा करा. त्यासाठी ५, ३.३ आणि ग्राउंडच्या तीन बारीक वायरी झाकणाबाहेर काढून ठेवा. स्क्रूचं डोकं शेजारच्या ट्रॅकवर चढलेलं असतं, स्पीकरचा पत्रा एखाद्या टाक्याला टेकलेला असतो, आणि उघड्या टेबलावर यातलं काहीच दिसलेलं नसतं. आकडे जुळले की वायरी कापा आणि टोकांवर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा.